कुंकवामागची चांदणी

नाना, तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. त्या दिवशी पंगत उठली, दोंडाईच्याकडची तुमची माणसं एसटीच्या वेळेला निघाली आणि तुमच्या कारभारणीने, अक्कांनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. पत्र्याची ट्रंक उघडून, तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "ताई, हाई तुना कामनं दिखस. माले काय समजस यानंमा?"

फडकं सोडलं तर आत फायबरचा एक गोल तुकडा होता. ताटलीएवढा, करंगळीएवढ्या जाडीचा, कडा कानशीने घासून साफ केलेल्या. एका बाजूला कुंकवाचं स्वस्तिक आणि त्यावरून रेझिनचा एक हात, त्यामुळे कुंकू अजून लालच्या लाल. हे कुठलं, म्हणून मी विचारलं. अक्का म्हणाल्या, "माले नही माहीत. तुना नाना कधीमधी काढीसन देखेत. इचारं ते म्हनेत, देख, एक बुडबुडा नही शे. मना चांगला हातना तुकडा शे."

मी तो घरी आणला. टेबलावर ठेवला. आणि आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे मला माहीत आहे, पण त्यात नवीन काय? जिवंत होतात तेव्हा तरी कुठे देत होतात? मी तावातावाने दहा वाक्यं बोलायची आणि तुम्ही रोलर ॲसिटोनच्या डब्यात बुडवून "हां" म्हणायचात. त्या "हां"चा अर्थ होकार आहे की "बोल, बोल, बोलून घे" आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी धुळ्याची, देवपूरची. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली आणि तेवढ्यावर जग जिंकायला निघालेली. वडील शाळामास्तर. मी फार मिनतवाऱ्या केल्यावर त्यांनी एक वर्ष दिलं होतं. "वर्षभर कर नोकरी. नाही जमलं तर परत ये, आणि मग मी म्हणेन तिथे लग्न." आपला कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, अंगणात उलट्या ठेवलेल्या टाक्या आणि फाटकापासूनच डोक्यात जाणारा रेझिनचा गोडसर उग्र वास. मालकांना सगळेच भाऊ म्हणायचे. गिऱ्हाईकं आता टाकीबरोबर तपासणीचा कागद मागू लागली होती, म्हणून भाऊंना केमिस्ट हवा होता. बाई हवी होती असं नाही. शेडच्या मधोमध उभं राहून ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मॅडम, ठेवून बघतो. पण ॲसिडची टाकी फुटली तर पहिला केमिस्ट घरी जाणार, सांगून ठेवतो." आणि स्वतःच हसले. बाकीचेही हसले. तुम्ही तेवढे खाली मान घालून साच्यावर काचेची मॅट दाबत होतात. मला वाटलं, या म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

म्हातारे तरी कुठे होतात म्हणा तेव्हा. पन्नाशीही नसेल. पण रेझिनने आणि काचेच्या बारीक कुसळांनी तुमचे हात अगोदरच म्हातारे करून टाकले होते. टाकी म्हणजे काय, हे मला पुस्तकाने नव्हे, त्या हातांनी शिकवलं. पहिला रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचा, थर, त्यावर टिश्यू, म्हणजे कागदासारखी पातळ काचेची जाळी, मग मॅट, म्हणजे काचेच्या तुटक्या धाग्यांची गादी, मग जाड विणलेलं कापड, आणि प्रत्येक थरावर रोलर. एवढा रोलर की आतली हवा सगळी बाहेर यायला हवी. टाकी सुकली की तुम्ही कमरेची घराची पितळी किल्ली काढायचात आणि टाकीला कान लावून ठोकत ठोकत फिरायचात. टण्ण, टण्ण, टण्ण. मध्येच कुठे भद्द वाजलं की थांबायचात, खडूने गोल करायचात आणि तेवढा भाग कापून पुन्हा भरायचात. मी हसायची. मी शहाणी. माझ्याकडे कडकपणा मोजायचं यंत्र होतं. पण यंत्राने काढलेली चूक आणि तुमच्या किल्लीने काढलेली चूक एकाच जागी निघाली, असं किती वेळा झालं ते मी सांगत नव्हते कोणाला.

आपलं पहिलं भांडण पाण्यावरून झालं. तुमचं म्हणणं, तेजाबात पाणी घातलं की ते नरम पडतं, मग सौम्य ॲसिडच्या टाकीला एवढी काळजी कशाला? सगळ्या शेडचं तेच म्हणणं होतं. मी म्हटलं, तीव्र ॲसिड रेझिनला खातं हे खरं, पण काचेच्या धाग्याचा खरा वैरी सौम्य ॲसिड आहे. कोणाचाच विश्वास बसला नाही. मग मी प्रयोगशाळेत, म्हणजे त्या पार्टिशनमागच्या टेबलावर, काचेचे धागे तीन बरण्यांत भिजत घातले. एकीत पाणी, एकीत तीव्र सल्फ्युरिक, एकीत सौम्य. काही दिवसांनी ते काढून, धुऊन, प्रत्येकाला सारख्या वजनाचा नट लटकवला. पाण्यातला राहिला. तीव्र ॲसिडातला राहिला. सौम्य ॲसिडातला नट लावता लावताच तुटला.

तुम्ही तो तुटका धागा बोटांत धरून बराच वेळ पाहिलात. मी तुम्हाला सांगितलं, काचेत कॅल्शियम असतं, ॲल्युमिनियम असतं, सौम्य ॲसिड ते हळूहळू ओढून घेतं आणि मागे उरतो तो ठिसूळ सांगाडा. दिसायला धागा तसाच. पण जरा ताण आला की तुटतो, आणि तुटतो तोही ब्लेडने कापल्यासारखा साफ. टाकी भरलेली असली की प्रत्येक धाग्यावर ताण असतोच. तुम्ही विचारलंत, "म्हनजे मांगला धागा कोरडा ऱ्हावाले पाहिजे?" मी म्हटलं, हो, तेवढंच. त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी साच्यावर पाहिलं तर आतल्या बाजूचा निव्वळ रेझिनचा थर तुम्ही दीडपट केला होता.

यावरून दुसरं भांडण, जे आजही मिटलेलं नाही. मी म्हणायची, पुस्तकात दिलंय त्यापेक्षा जाड थर नको. रेझिन जाड झालं की ठिसूळ होतं. शिवाय त्या थराला ताकद नसते, भार सगळा मागची काच उचलते. मी तुम्हाला चिडवायलाही म्हणायची, "नाना, तुमचा लाडका थर नुसता बसून खातो." तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. "त्यानं काम वजन उचलानं नही शे, ताई. मार खावानं शे." मी ते वहीत लिहून ठेवलं होतं, गंमत म्हणून.

आता नारळाकडे येते. टाळत होते.

आपल्याकडे टाकी बाहेर पडायची म्हणजे तिची पूजा ठरलेली. तुम्ही बाहेरच्या अंगाला कुंकवाचं स्वस्तिक काढायचात, पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यावर रेझिनचा हात मारायचात, ते सुकलं की नारळ. पण नारळ टाकीवर नाही फोडायचा. फाटकाजवळ एक काळा दगड होता, त्याच्यावर. एखादा उत्साही कामगार टाकीवर आपटायला निघाला की तुम्ही त्याचा हात धरायचात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालात, "टाकी नवी नवरी शे. नवी नवरीले कोनी मारस का?" मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आली अंधश्रद्धा. हा माणूस किल्लीने हवा शोधतो, धागा तुटलेला पाहून दोन दिवस विचार करतो, आणि नारळाच्या बाबतीत देवभोळा.

मग धुळ्याच्या तेलगिरणीची टाकी आली. सरकीचं तेल शुद्ध करताना साबणासारखा गाळ उरतो, तो सौम्य सल्फ्युरिक ॲसिडने फोडायचा असतो. त्यासाठी टाकी. माझ्या गावात जाणारी, मी निवडलेल्या रेझिनची, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या कागदांवरची पहिली टाकी. लॅमिनेशन, म्हणजे थरावर थर चढवण्याचं काम, अर्थात तुमचं. आतला थर माझ्या हिशेबापेक्षा जाड, पण त्या वेळी मी वाद घातला नाही, कारण टाकी सुरेख झाली होती. किल्लीखाली एकही भद्द आवाज नाही. तुम्ही स्वतः भाऊंना म्हणालात, "आज नारळ ताईना हातना." एवढा मान त्या शेडमध्ये कोणाला मिळाला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला आला तो माज.

मी म्हटलं, "फोडायचाच तर टाकीवर फोडू. टाकीची परीक्षा तरी होईल." भाऊंना ते एकदम आवडलं. गिरणीचा माणूस उभा होता, त्याच्यासमोर दाखवायला बरं. तुम्ही म्हणालात, "ताई, दगडवर फोड." मी ऐकलं आणि नेम धरून स्वस्तिकावर नारळ हाणला. फुटला नाही. दुसरा फटका. नाही. सगळे हसायला लागले, तशी मला आणखी चीड आली. दोन्ही हातांनी धरून हाणला, तीन, चार, आणि पाचव्याला फुटला. पाणी स्वस्तिकावरून ओघळलं. मी टाकीवर थाप मारून म्हटलं, "बघा, नारळ फुटला. टाकीला ओरखडा नाही." टाळ्या झाल्या. खरंच ओरखडा नव्हता.

तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वस्तिकावर हात फिरवलात आणि म्हणालात, "भाऊ, माले एक डाव मझार उतरू द्या. दिवा लाईसन देखस." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाना, सकाळीच आत उतरून तपासली ना आपण? ट्रक कधीचा उभा आहे." ट्रकवाल्याने त्याच वेळी हॉर्न वाजवला. तुम्ही बाजूला झालात.

पाच महिन्यांनी धुळ्याहून ट्रंककॉल आला. टाकी गळत नव्हती, उभी तडकली होती. अंगणात ॲसिडचा लोट, चौथऱ्याचं सिमेंट खाल्लेलं, ऐन हंगामात गिरणी बंद. पहाटेची वेळ होती म्हणून जवळ कोणी नव्हतं, आणि यासाठी मी ज्या देवाला मानत नाही त्याचे आभार मानले. गिरणीमालक दुसऱ्या दिवशी जळगावात येऊन शेडमध्ये उभा राहिला आणि काय काय बोलला. भाऊंची नजर सारखी माझ्याकडे जात होती. मी भिंतीला टेकून उभी होते. डोळ्यांसमोर देवपूरचं घर, वडील, आणि त्यांनी पुढे सरकवलेला चहा.

दुरुस्तीला तुम्ही एकटे गेलात. मी येते म्हटलं तर म्हणालात, "तू कसाले? तठे त्या लोक तापेल शेत." दोन दिवसांनी परत आलात ते तडकलेल्या भागातला एक तुकडा घेऊन. माझ्या टेबलावर ठेवलात. मी तो भिंगाखाली पाहिला. आतल्या थरामागे चिंचोक्याएवढी हवा अडकलेली स्पष्ट दिसत होती, आणि धागे साफ तुटलेले. मला सगळं कळलं, असं वाटलं. हवेच्या जागी रेझिन पातळ, तिथून ॲसिड आत, धागे खलास. मी विचारलं, "नाना, हे कसं राहिलं?" आणि तुम्ही भाऊंच्या समोर, सगळ्यांच्या समोर म्हणालात, "हवा राही गयी, भाऊ. मनी चूक शे."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी अहवाल लिहिला. "आतील थरामागे हवा अडकल्यामुळे लॅमिनेशनमध्ये दोष." खाली माझी सही. माझी नोकरी राहिली. तुमच्याकडून ॲसिडच्या टाक्या गेल्या. भाऊंनी तुम्हाला शेडच्या मागच्या टोकाला कूलरच्या बॉडी करायला बसवलं. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर खपतात म्हणून ते काम काही कमी नव्हतं, असं मीच तुम्हाला एकदा समजावलंही होतं. तुम्ही "हां" म्हणालात.

नंतर आठ वर्षं तुम्ही कूलर केलेत, नाना. आठ वर्षं. माझं इथेच जळगावात लग्न झालं, मुलगी झाली, गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला, मी सगळ्या टाक्यांची मुख्य झाले. नवे मिस्त्री आले, ते तुम्हाला "कूलरवाले नाना" म्हणायचे. मी ते ऐकायची आणि पुढे जायची. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही अंगणातून जाताना एखाद्या नव्या टाकीला सहज किल्ली लावायचात. टण्ण, टण्ण. मिस्त्री हसायचे. कुठे भद्द वाजलंच तर तुम्ही बोलायचा नाहीत, नुसतं खडूचं वर्तुळ काढून जायचात. ती वर्तुळं मी गुपचूप भरून घेत होते. एवढं तरी मी केलं. पण कधी म्हटलं नाही की नाना, या परत टाक्यांवर. मला वाटायचं, चूक ती चूक.

माझ्या लग्नात तुम्ही कूलर दिलात. तो आजही आमच्या खिडकीत आहे. बाकीच्यांचे पत्र्याचे कूलर दोन उन्हाळ्यांत सडतात, आमच्या कूलरला काही होत नाही. त्याच्या आत मी एकदा पाहिलं तर टिश्यू, जाड थर, ॲसिडच्या टाकीला करतात तसं सगळं. मी हसून म्हटलं, "नाना, यात नळाचं पाणी असतं हो." तुम्ही म्हणालात, "पानीबी काही साधं नही शे, ताई." यंदाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुमच्याकडे सांजोऱ्या खायला आले, तेव्हाही तुम्ही आधी कूलरची चौकशी केलीत. चालतोय का, गळतो का. मी म्हटलं, उत्तम. तुम्ही खूष झालात. तीच आपली शेवटची भेट. त्यानंतर एका सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसलात ते उठलाच नाहीत, असं अक्का सांगतात.

तुकडा घरी आणला त्या दुपारी मी तो खिडकीत उजेडासमोर धरला. रंग न घातलेलं फायबर, उजेड आरपार येतो. आधी पाहिलं ते काम. एकसारखं, दाट. मग मी माझ्या घराची किल्ली घेतली आणि ठोकून पाहिलं. काठापासून मधोमध, पुन्हा काठापर्यंत. टण्ण, टण्ण, टण्ण. एक बुडबुडा नाही. मग तुकडा उलटा केला, आणि स्वस्तिकाच्या बरोबर मागे, आतल्या थरावर, चांदणी होती. मधल्या एका ठिपक्यातून सगळीकडे फाकलेल्या बारीक भेगा. एकीत दुसरी मिसळलेली. एक मोठी भेग खालपर्यंत गेलेली आणि तिच्या कडेने धागे पांढरे पडून साफ तुटलेले.

बाहेरून फटका बसला की बाहेर काही दिसत नाही. आतला रेझिनचा थर तेवढ्यापुरता ताणला जातो आणि तडकतो. याला आम्ही चांदणीच म्हणतो. गिऱ्हाइकाला जो सूचनांचा कागद देतो, त्यात तिसरी सूचना हीच आहे, "टाकीच्या बाहेरील बाजूस हत्यार वा जड वस्तू आपटू नये." ती सूचना मीच लिहिली. पहिल्या वर्षी मला ते माहीत नव्हतं, नंतर वाचून कळलं. एवढी वर्षं मी ती टाइप करून घेते आहे, आणि एकदाही माझ्या डोक्यात नारळ आला नाही. आपल्याकडे स्वस्तिकावर नारळ बसलेली टाकी एकच, धुळ्याची. पाच फटके, नाना. मी मोजले होते.

तुम्हाला माहीत होतं. पुस्तकातून नव्हे, कुठल्यातरी फुटक्या टाकीतून तुम्हाला ते केव्हाचंच माहीत होतं, म्हणून दगड, म्हणून नवी नवरी. धुळ्याला गेलात तेव्हा तुम्ही पहिल्यांदा स्वस्तिकामागे पाहिलं असणार. तेवढाच गोल कापून धोतरात गुंडाळलात. आणि मला दाखवायला कुठून तरी, भेग पुढे गेली तिथल्या एखाद्या नळीच्या जोडाजवळून, जिथे किल्ली पोचत नाही, हवा राहिलेला तुकडा शोधलात. हाताने केलेल्या एवढ्या मोठ्या टाकीत तसा एखादा सापडतोच. तड तिथूनच सुरू झाली असं भासवलंत आणि मी भिंगाला डोळा लावून विश्वास ठेवला. पहिल्या दिवशी भाऊ बोलले ते तुम्ही खाली मान घालून नीट ऐकलं होतं. टाकी फुटली तर पहिला केमिस्ट जाणार.

मला तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी तुम्हाला विचारलं होतं का वाचवायला? एकदा सांगितलं असतंत तर मी कबूल केलं असतं. हे वाक्य मी चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. नसतं केलं, नाना. त्या वयात, तशी भिंतीला टेकलेली मी, नसतं केलं. ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. आणि तरीही तुम्ही अधूनमधून ट्रंक उघडून तो तुकडा पाहत होतात. चांदणी पाहायला नाही. आपला हात चांगला होता, एवढीच खात्री करून घ्यायला. ते मला सहन होत नाही. शेडमध्ये सगळे कूलरवाले म्हणत असताना तुम्हाला स्वतःचं काम घरी चोरून पाहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आधी अक्कांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. मी म्हटलं, अक्का, चूक माझी होती, नानांची नव्हती. त्या म्हणाल्या, "त्यासले माहीत व्हतं ना?" मी म्हटलं, हो. "मंग झायं ते," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग मीही तिथेच जमिनीवर बसून रडून घेतलं. तेराव्याला मी रडले नव्हते.

मग कारखान्यात. जेवणाची सुट्टी होती, सगळे होते. मी तुकडा भाऊंच्या टेबलावर ठेवला, जुना अहवाल फाइलमधून काढला आणि नारळापासून सगळं सांगितलं. ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतले दोघे अजून कामाला आहेत, ते खाली बघत राहिले. भाऊंनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, "मॅडम, आता हे कशाला?" त्यांचं त्यांनाच ते वाक्य नको झालं. चष्मा काढून बसले आणि म्हणाले, "मी त्या माणसाला आठ वर्षं कूलर करायला लावलं." मी अहवालातली ती ओळ खोडली. तिच्यावर लिहिलं, "बाहेरून बसलेल्या आघातामुळे आतील थरास तडे. आघात करणारी मी." सही केली. लॅमिनेशन या शब्दापुढे लिहिलं, "निर्दोष." नव्या मिस्त्रींना तुकडा हातोहात फिरवून दाखवला. एकाने खिशातली किल्ली काढून ठोकून पाहिलं. कोणी हसलं नाही.

तुम्ही हे ऐकायला नाही. अहवालावर काय लिहिलं आहे याने तुम्हाला आता काही फरक पडत नाही, अक्कांनाही नाही. मला पडतो. तुम्ही असता तर "हां" म्हणाला असता, आणि त्या वेळी मी तुमचा हात धरून विचारलं असतं, या "हां"चा अर्थ काय ते सांगा आज.

जाड थराबद्दल मात्र मी अजून हार मानलेली नाही. तुमचा थर जाड होता म्हणूनच फटक्याने तडकला असेल, पातळ असता तर वाकून सावरला असता, असं मला आजही वाटतं. आणि पातळ असता तर टाकी पाच महिने तरी टिकली असती का, असंही वाटतं. हे भांडण मी राखून ठेवते आहे.

आज सकाळी एक टाकी निघाली. दोंडाईच्याला, तुमच्या गावाकडे. स्वस्तिक झालं, त्यावर रेझिन सुकलं, भाऊंनी नारळ माझ्या हातात दिला. मी फाटकापर्यंत चालत गेले आणि काळ्या दगडावर फोडला. पहिल्याच फटक्याला फुटला. सगळे टाकी चढवायला पुढे झाले तेव्हा मी म्हटलं, थांबा. चप्पल काढली, शिडी लावली आणि दिवा घेऊन आत उतरले. आत तोच गोडसर वास, आणि बाहेरचं ऊन भिंतीतून पिवळं होऊन आलेलं. स्वस्तिकाची सावली आतूनही दिसत होती, तिच्यावरून मी तळहात फिरवला. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मग भाऊंचा आवाज आला, "बंद कर रे, आत बघताहेत." मी तळापासून काठापर्यंत सगळी टाकी सावकाश पाहिली, नाना. त्या दिवशी तुम्ही एवढंच मागितलं होतं.